वुई म्हणजे आपण की आम्ही?

माझं पुण्यात नऱ्ह्याला झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सचं म्हणायचं आपलं सवयीने, नुसत्या झेरॉक्सवर आता कुणाचं घर चालत नाही, खरा धंदा ऑनलाइन फॉर्मचा. आजूबाजूला इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटची कॉलेजं, त्यांच्या जिवावर उभी राहिलेली हॉस्टेलं आणि मेस, आणि त्यांच्या जिवावर आम्ही. पोरं बीडची, लातूरची, हिंगोलीची, बुलढाण्याची. येतात आणि काउंटरवर प्लास्टिकची फाइल उपडी करतात, दाखले, टीसी, मार्कशीट, आधार, पासबुक सगळं भेळेसारखं एकत्र, आणि म्हणतात ताई तेवढं बघा ना. मग मी बघते. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, पीडीएफ २५६ केबीच्या आत, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कुठलीही साइट असो, शेवटच्या तारखेला ती झोपणार आणि रात्री अकरानंतर उठून बसणार हेही मला माहितीये, म्हणून शेवटच्या आठवड्यात मी शटर अर्धं ओढून आतच बसते.

अकरा वर्षांत किती फॉर्म भरले त्याचा हिशोब नाही. स्कॉलरशिपचे, सीईटीचे, टीईटीचे, पोलीस भरतीचे. स्वतःसाठी एक, पॅनकार्डचा.

या वर्षी ऑगस्टमध्ये एक मुलगी आली, बी.ए. झालेली, तिच्याकडे एका विद्यापीठाच्या स्कॉलरशिपची पीडीएफ होती. विद्यापीठाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, अजून निकाल लागायचाय, उगाच कशाला. तर ती स्कॉलरशिप होती पुढे इंग्रजीचे शिक्षक होणाऱ्यांसाठी. बी.ए. ला इंग्लिश स्पेशल पाहिजे, बी.एड.ला इंग्रजी मेथड घ्यायची, दोन वर्षांची फी ते भरणार आणि वर महिन्याला थोडे पैसे, आणि कोर्स झाल्यावर किमान दोन वर्षं शाळेत शिकवायचं. मुलीने ती शेवटची अट वाचली आणि खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "नको ताई, शिक्षक कोण होणार आता, टीईटी द्या, टेट द्या, मग भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसा, म्हातारी होईन मी." तिचं काही चुकत नव्हतं. मी तिचे प्रिंटचे पाच रुपये घेतले आणि ती गेली. पीडीएफ मात्र माझ्या डाउनलोड्समध्ये राहिली.

रात्री डाउनलोड्स साफ करताना ती परत समोर आली, सहज उघडली आणि वाचताना लक्षात आलं की आपण ती गिऱ्हाइकासाठी वाचत नाहीये. वयाची अट पस्तीस. मी बत्तीस. इंग्लिश स्पेशल, आहे. किमान ५० टक्के, माझे ५४. एक ओळ अशी होती की ज्यांचं शालेय शिक्षण प्रादेशिक भाषेतून झालंय त्यांना प्राधान्य. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले, कारण मराठी मीडियम हा रकाना आयुष्यात पहिल्यांदा फायद्याच्या बाजूला दिसत होता.

माझं आणि इंग्रजीचं जमायला उशीर झाला आणि तोही एका वर्षाने. मी पहिलीत गेले जून १९९९ ला. जून २००० पासून महाराष्ट्रात सगळ्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, पण ते त्या वर्षी पहिलीत आलेल्यांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बॅचला. तो घरी येऊन ए फॉर ॲपल करायचा आणि मी दुसरीत असून मला ते येत नव्हतं. आम्हाला जुन्या नियमाने पाचवीत. म्हणजे तीन वर्षं माझा धाकटा भाऊ मला इंग्रजीत सीनियर होता, आणि त्याने त्याचा जेवढा फायदा घ्यायचा तेवढा घेतला, टीव्हीवर काहीही आलं की दीदी ह्याचा मिनिंग सांग. आता तो एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे आणि इंग्रजीत फक्त शिव्या देतो, तो भाग वेगळा.

कॉलेजला मी इंग्लिश स्पेशल घेतलं ते थोडं त्या रागातूनच. एस.वाय.ला एस वन, एस टू, टी.वाय.ला एस थ्री, एस फोर, हे पेपर मी अप्पा बळवंत चौकातल्या गाइडांवर पार पाडले हे कबूल करून टाकते. मूळ पुस्तकं लायब्ररीत होती, पण एक पान वाचायला मला अर्धा तास लागायचा, आणि सकाळचं कॉलेज झाल्यावर दुपारी दुकानात आप्पांना, म्हणजे वडिलांना, मदत. आमच्या वर्गात अर्धी मुलं अशीच होती, कविता मराठीत समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत पाठ करायचं. २०१४ ला बी.ए. झाले, बी.एड.चा विचार होता, आणि त्याच मे महिन्यात आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. पुढच्याच वर्षी बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, मग तर विषयच संपला.

तर आता कागद जमवायचे होते. मला वाटलेलं हे आपल्या डाव्या हातचं काम. दुसऱ्याची फाइल बघून मी दहा सेकंदात सांगते काय कमी आहे, स्वतःची उघडली तर त्यात तीन बायका निघाल्या. माझं नाव प्रज्ञा. ह्या ज्ञ ने मराठी माणसाचा इंग्रजीत जेवढा छळ केलाय तेवढा कुणीच केला नसेल. दहावीच्या मार्कशीटवर मी पी-आर-ए-डी-एन-वाय-ए, आपल्या मराठी पद्धतीने. आधारवर पी-आर-ए-जी-वाय-ए, कारण कुठल्याशा कॅम्पात कार्ड काढणारा पोरगा हिंदी बोलणारा होता आणि त्याच्या तोंडात ग्य बसलेला. आणि पासबुकात पी-आर-ए-जे-एन-ए, ते कुणी केलं माहिती नाही, बहुतेक एखाद्या संस्कृतप्रेमी माणसाने. दुकानात रोज कुणाचा तरी ज्ञानेश्वर असाच अडकतो, आणि मी त्याला ऐकवते, अरे आधी करेक्शन करून घ्यायचं ना, शेवटच्या दिवसाची वाट कशाला बघतोस. अकरा वर्षं ऐकवते आहे.

मग शिवाजीनगर कोर्टाबाहेर जाऊन ह्या तिन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. दुसरं प्रतिज्ञापत्र गॅपचं. शिक्षणात खंड पडला असेल तर गॅप ॲफिडेव्हिट लागतं, त्याचा मजकूर माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असतो, नाव आणि साल बदललं की झालं. मी, खाली सही करणार, प्रतिज्ञेवर लिहून देते की सन २०१४ ते २०२५ या कालावधीत घरगुती कारणास्तव मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, तसेच कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी झालेली नाही. शेकडो पोरांना हे टाइप करून दिलंय. स्वतःचं साल टाकताना हात थांबला. घरगुती कारणास्तव ह्या दोन शब्दांत आप्पांचे फिजिओथेरपीचे चौदा महिने, दुकानाचं कर्ज, लॉकडाउनमध्ये शटरला लागलेला गंज, एक ठरून मोडलेलं लग्न, सगळं बसत होतं, आणि मराठी भाषेचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं. बेकायदेशीर कृत्याचं म्हणाल तर लोकांचे एसओपी, म्हणजे मला हाच कोर्स का करायचाय ते सांगणारे निबंध, लिहून दिलेत ५० रुपये पानामागे, ते त्यात धरायचं का हा प्रश्न मनात येऊन गेला. त्यावर पुढे येते.

उत्पन्नाचा दाखला सोडून देते, तो ज्याने काढलाय त्याला माहिती आहे आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून पटणार नाही.

शिफारसपत्र हवं होतं, शिकवलेल्या शिक्षकाचं. कॉलेजमधले सर आता कुठे आहेत पत्ता नाही, आणि असते तरी त्यांना मी आठवण्याचं काही कारण नव्हतं, वर्गात एकशेवीस जण होतो. आठवल्या त्या शाळेतल्या बाई. आमची शाळा दांडेकर पुलाजवळची, बाई रिटायर होऊन दहा वर्षं झालेली, शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या मागे राहतात एवढं एका मैत्रिणीकडून कळलं. रविवारी धायरीतून मनपाची पीएमटी पकडली. दारात उभी राहून म्हटलं, "बाई, मी प्रज्ञा, २००९ ची दहावी." त्या चष्मा वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपण की आम्ही. ये आत."

हा काय प्रकार ते सांगते. आठवीत होते. बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं, वुई आर गोइंग टू द सर्कस. आणि म्हणाल्या भाषांतर करा. मी हात वर केला आणि विचारलं, "बाई, आपण की आम्ही?" वर्ग हसला, त्यांना वाटलं मी आगाऊपणा करतेय. पण मला खरंच अडलं होतं. कारण आमच्या वाड्यात मुळ्यांची पोरं जेव्हा म्हणायची आम्ही सर्कशीला चाललोय, तेव्हा त्याचा अर्थ तू नाहीस असा असायचा. आणि आपण सर्कशीला चाललोय असं कुणी म्हटलं की धावत घरी जाऊन चप्पल घालायची. केवढा फरक आहे, एका शब्दात आख्खी संध्याकाळ बदलते. आणि हे इंग्रज लोक दोन्हीला वुईच म्हणतात? मग समोरच्याला कळतं कसं की चप्पल घालायची का नाही? बाई खडू धरून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या संदर्भावरून कळतं. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या, हजेरी घ्यायच्या आधी, म्हणाल्या, "प्रज्ञा, कालचं माझं उत्तर मलाच पटलं नाही. पण दुसरं सापडलेलं नाही." बस, एवढंच. मग हजेरी.

त्यांना ते अठरा-एकोणीस वर्षांनी आठवत होतं.

बाईंनी पोहे केले. मी स्कॉलरशिपचं सांगितलं तर त्या इतिहासात शिरल्या, पुण्यातल्या रिटायर माणसाला इतिहासाचं निमित्तच लागतं. म्हणाल्या, येताना पर्वती दिसली ना, तिच्या पायथ्याशी रमणा होता. पेशव्यांच्या काळात श्रावणात तिथे दक्षिणा वाटायचे, आधी ती प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची, मग पेशव्यांनी चालवली. भिंतीच्या आत ब्राह्मणांना घ्यायचे आणि एकेकाला दक्षिणा देऊन बाहेर सोडायचे. पेशवाई गेली, पण एकदम बंद केलं तर बोंब होईल म्हणून इंग्रजांनी ती चालू ठेवली आणि त्यातला पैसा हळूहळू शिक्षणाकडे वळवला. १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली ती त्याच पैशातून, पुढे तिच्यात इंग्रजी शिरलं, १८५१ ला ती पूना कॉलेज झाली, १८६४ ला डेक्कन कॉलेज. मधे १८४९ च्या सुमाराला लोकहितवादींसारख्या मंडळींनी अर्ज केला होता की बाबांनो, मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही ह्यातून काहीतरी द्या, तर केवढा गदारोळ झाला. "म्हणजे बघ," बाई म्हणाल्या, "पुण्यात स्कॉलरशिपसाठी अर्ज करणं ही जुनी गोष्ट आहे आणि त्यावरून भांडणं त्याहून जुनी."

मी पोहे खात विचार करत होते की त्या रमण्याच्या दारात माझ्या खापरपणजीला कुणी उभं केलं असतं का. नसतंच केलं. तिथे एलिजिबिलिटीचा एकच रकाना होता आणि तो जन्मतःच भरलेला असायचा. बोलले नाही, पोहे चांगले होते.

मग पत्र. बाईंनी रेघांची वही काढली आणि पेन घेऊन बसल्या, बराच वेळ बसल्या, आणि म्हणाल्या, "एक सांगू का, चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीत पत्र कुणालाच लिहिलेलं नाही गं. फॉर्मल लेटर शिकवलं मात्र शेकड्याने. टू द हेडमास्तर, एका दिवसाची रजा." आम्ही दोघी हसलो. पण मला ते नंतर बसमध्ये टोचत राहिलं. आमच्याकडे इंग्रजी असंच शिकवलं गेलं, पोहणं पाटीवर शिकवावं तसं, आणि त्यात बाईंचा काय दोष, त्यांना तरी पाण्यात कुणी नेलं होतं. त्यांच्या बाजूच्या स्टाफरूममध्ये, घरात, भाजीवाल्याकडे, बँकेत, सगळीकडे मराठी. इंग्रजी फक्त पस्तीस मिनिटांच्या तासापुरती यायची आणि घंटा झाली की जायची.

शेवटी ठरलं की त्या मराठीत लिहितील आणि मी इंग्रजी करून टाइप करेन. स्वतःचं कौतुक स्वतःच भाषांतर करायचं म्हणजे काय असतं ते कुणाला सांगू नये. मी घरी आले, टाइप केलं, जिथे जिथे फार वाटलं तिथे विशेषणं कमी केली. आणि एक वाक्य आख्खं गाळलं. बाईंनी लिहिलं होतं, ही मुलगी प्रश्न विचारत असे आणि त्यांतल्या काहींची उत्तरं मला येत नसत. म्हटलं शिफारसपत्रात शिक्षकाने असं लिहिलेलं बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन गेले. बाईंनी लाल पेन घेतलं. सवय. पहिल्याच परिच्छेदात गोल केला, "अ ऑनेस्ट? अगं अॅन ऑनेस्ट. एच सायलेंट आहे, किती वेळा सांगितलंय." मी बत्तीस वर्षांची बाई, मान खाली. पुढे वाचत गेल्या, आणि शेवटी थांबल्या. "एक वाक्य गाळलंस." मी म्हटलं बाई ते जरा तुमच्याविषयी... "घाल परत. त्या पत्रात खरं वाक्य तेवढं एकच आहे, बाकी सगळं मी सगळ्यांना लिहिलं असतं."

घातलं परत.

आता राहिला डबा. फॉर्मच्या शेवटी एक रिकामी चौकट असते, तीन हजार कॅरेक्टरची, स्पेस धरून. व्हाय डू यू वॉन्ट टू बिकम ॲन इंग्लिश टीचर. मी मघाशी म्हटलं ना, लोकांचे एसओपी. माझ्याकडे त्याचा साचा आहे. सिन्स माय चाइल्डहुड आय हॅव बीन पॅशनेट अबाउट, पुढे गाळलेली जागा. तिथे फार्मसी टाका, लॉजिस्टिक्स टाका, अॅग्रीकल्चर टाका, चालतं. निदान चाळीस पोरांचं बालपण मी ह्या एका वाक्याने पॅशनेट करून टाकलंय. पहिल्या रात्री मी पण तेच टाकलं. इंग्लिश लिहिलं गाळलेल्या जागेत आणि बघत बसले. लहानपणापासून मला इंग्रजीची काय वाटत होती ते मला चांगलं माहिती होतं. भीती, आणि तिच्या आत दडवलेला राग, आणि त्याच्याही आत थोडी हाव. दुकानासमोरून इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बस जायच्या तेव्हा खिडकीतल्या पोरांकडे मी बघायचे तशी हाव. हे पॅशनेट ह्या शब्दात बसेना.

दुसऱ्या रात्री मोठ्या माणसांना बोलावलं. निबंध अडला की आपण तेच करतो ना. आपल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर ते प्रसिद्ध वाक्य आहे, इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध. शाळेत इंग्रजीच्या वर्गाबाहेर लिहिलेलं होतं. मला तेव्हापासून एकच शंका, हे दूध काढतं कोण? गाईला निदान आंबोण घालता येतं. पिणाऱ्याचा पराक्रम सगळे सांगतात, वाघिणीपर्यंत पोचायचा रस्ता कुणी सांगत नाही, आणि ज्यांच्या घरात वाघीण आधीच पाळलेली असते ते आपल्याला म्हणतात घाबरू नका हो, सोपं असतं. ह्याच्या आधी, १८५४ ला, सावित्रीबाईंचा काव्यफुले हा कवितासंग्रह आला, त्यात इंग्रजीवर कविता आहे आणि त्यात त्या इंग्रजीला माऊली म्हणतात. एकाच पुण्यात एक म्हणतो वाघीण आणि एक म्हणते माऊली, आणि कोण कुठून बघतंय त्यावर ते आहे हे कळायला पी.एचडी. लागत नाही. चिपळूणकर, टिळक, आगरकर ह्यांनी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल काढलं, ते मोठंच काम. पण सावित्रीबाई भिडेवाड्यातल्या १८४८ च्या शाळेत शिकवायच्या, आणि त्याआधी स्वतः शिकवायचं कसं ते शिकून घेतलं होतं, अहमदनगरला फरारबाईंकडे. म्हणजे आपल्याकडची पहिली शिक्षिका सुद्धा आधी ट्रेनिंग घेऊन आलेली. हे मला आवडलं, लिहिलंही, इंग्रजीत छान परिच्छेद झाला. सकाळी वाचला तर तो माझ्याविषयी नव्हताच, तो बुलढाण्यातल्या पोराच्या एसओपीत सुद्धा चालला असता. कापला आणि एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवला, धंद्याला उपयोगी पडेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगा आला, हॉस्टेलच्या फॉर्मसाठी. मी रकाने विचारत गेले. मॅरिटल स्टेटस विचारलं तर म्हणाला, "येलो बेल्ट." मी वर बघितलं. तो गंभीर. "कराटेचं ताई, आठवीत सोडलं." त्याने मार्शल ऐकलं होतं. मी हसले नाही, म्हणजे तेव्हा हसले नाही. त्याला स्क्रीन फिरवून दाखवली, एम-ए-आर-आय, मॅरी म्हणजे लग्न, मॅरिटल म्हणजे लग्नाचं. मार्शलमध्ये टी आधी, आय नंतर. त्याने तळहातावर दोन्ही शब्द लिहून घेतले. मग विचारलं, "मग बोनाफाइड म्हणजे?" मग डोमिसाइल. मग गार्डियन, आईवडील असताना गार्डियन कशाला पाहिजे. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांतला एक जण म्हणाला, ताई रिन्यूअल आणि फ्रेशमध्ये काय फरक ते पण सांगून टाका. आप्पा आतून ओरडले की लॅमिनेशन तापून बसलंय. वीस मिनिटं गेली, पैसे मिळाले पंधरा रुपये.

त्या रात्री मी चौकट परत उघडली आणि सर्कशीचं लिहिलं. माझ्या भाषेत वुईला दोन शब्द आहेत, एकात ऐकणारा धरलेला असतो आणि एकात वगळलेला, असं सुरू केलं. मोबाइलवर शोधलं तर ह्याला नाव सुद्धा आहे, इन्क्लुझिव्ह आणि एक्सक्लुझिव्ह, आणि हे गुजरातीत आहे, तेलुगूत आहे, हिंदीत मात्र नाही, हम म्हटलं की संपलं. म्हणजे मी आठवीत विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, जगात त्यावर लोक अभ्यास करतात, फक्त ते दांडेकर पुलापर्यंत आलं नव्हतं. मग लिहिलं की आमच्याकडे इंग्रजी बोलणारे जेव्हा वुई म्हणतात तेव्हा मला ते नेहमी आम्ही ऐकू आलं. बँकेत, मॉलमध्ये, कॉलेजच्या ऑफिसात, डॉक्टरकडे. वुई रिक्वायर, वुई डोन्ट अॅक्सेप्ट. माझी चप्पल कायम दारातच. बाईंचं लिहिलं, की ज्या शिक्षिकेने मला इंग्रजी शिकवलं तिने स्वतः कधी इंग्रजीत पत्र लिहिलेलं नव्हतं आणि तरी माझं अॅनचं चुकलेलं तिने पकडलं. येलो बेल्टचं लिहिलं. दुकानाचं लिहिलं. पॅशनेट कुठेही लिहिलं नाही. व्याकरण दोनदा तपासलं, मग आर्टिकलं तिसऱ्यांदा, एच सायलेंट.

एक अडचण आली. लिहिताना मी स्वतः वुई वापरत होते, वुई फ्रॉम मराठी मीडियम, आणि वाचणाऱ्या कमिटीला कळणारच नव्हतं की त्यांना मी आत धरलंय की बाहेर ठेवलंय. मलाही नक्की सांगता आलं नसतं. ते तसंच ठेवलं.

शेवटी एक गोड वाक्य होतं, की मला असा वर्ग हवाय जिथे वुई म्हणजे आपण असेल वगैरे. पेस्ट केलं तर ४१ कॅरेक्टर जास्त. इकडचं तिकडचं कापून बघितलं, जमेना, मग ते वाक्यच उडवलं. बरंच झालं, ते जरा वक्तृत्व स्पर्धेतलं होतं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, सबमिट दाबलं. गोल फिरत राहिलं. दुसऱ्याचा फॉर्म असला की मी ह्या वेळी चहा पिते, तेव्हा मात्र स्क्रीनवरून नजर हलवली नाही, जणू बघत राहिलं की लवकर होतं. मग आयडी आला. पाठोपाठ मेल आला, वुई हॅव रिसीव्ड युअर अॅप्लिकेशन. हे वुई कुठलं त्यात काही डाउट नव्हता.

आप्पा अजून जागेच होते, आतल्या खुर्चीत, मांडीवर स्टेपलर. ऑगस्टमध्ये हेच म्हणाले होते की बत्तिसाव्या वर्षी कसली स्कॉलरशिप, ती काय पोरासोरांची असते. विचारलं, "काय म्हणतात?"

"अर्ज मिळाला म्हणतात."

"आणि पुढं?"

"छाननी. सहा ते आठ आठवडे. मग मुलाखतीला बोलावतील, बोलावलं तर."

मी पावतीची चार पानं प्रिंट काढली. आप्पांनी ती डाव्या हाताने ओढून घेतली, काउंटरवर आपटून कडा जुळवल्या, डावीकडे वर एक पिन मारली, आणि परत देताना म्हणाले, "एक झेरॉक्स काढून ठेव. आपल्याकडं पण एक असू दे."